शनिवारची खुर्ची

बडोदे, ५ जुलै १९९७

निरुपमा,

तुझ्या भाच्याचा, माधवचा, फोन आला म्हणून लिहिते आहे. म्हणाला, "निरूआत्याला नानांची आरामखुर्ची इंदूरला हवी आहे. ट्रान्सपोर्टवाल्याला कधी पाठवू?" एकोणीस वर्षांत तू मला दोन ओळी लिहिल्या नाहीस, मीही नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण वडिलांची खुर्ची मागायची तर स्वतः मागावी, भाच्याला मध्ये घालू नये.

खुर्ची जागेवर आहे. नाना गेल्यावर घर रिकामे करताना तू ती माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पावसाचे दिवस होते म्हणून मी आत घेतली. कापड कुजले तसे दोनदा बदलले. दुसऱ्यांदा लहरीपुऱ्यातली दुकाने पालथी घालून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचेच शोधले, कारण ते टिकते. पॉलिशवाला उजव्या हातावरची वार्निश उडालेली जागा घासायला निघाला, त्याला थांबवले. नाना तिथे बोटाने टकटक करत. ती जागा तुला ओळखू येईल.

खुर्ची तुझीच आहे. मात्र दिवाळीपर्यंत देता येणार नाही. मला तिचे काम आहे.

गजेंद्र आठवतो का? प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधून सायकलवर यायचा, पँटचा एक पायचा नेहमी दोरीने बांधलेला. आता तो खतांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतो. त्याची भाची कांचन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचे रसायनाचे दोन पेपर राहिले आहेत. ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा. वडील गणपतराव रिफायनरीत ऑपरेटर आहेत, राहतात छाणीला. त्यांनी सांगून टाकले आहे, दिवाळीपर्यंत पेपर सुटले तर ठीक, नाहीतर नाव काढायचे आणि काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. गजेंद्रने मुलीला माझ्याकडे आणून बसवले आणि म्हणाला, "बाई, आता तुमच्या हातात."

माझ्या हातात काही नाही, हे महिनाभरात कळले आहे. पुढच्या पत्रात लिहीन.

अक्षर मोठे वाटेल. नवे पेन जाड आहे.

आनंदी


२१ जुलै

निरुपमा,

कार्ड मिळाले. "दिवाळीपर्यंत थांबते. पण मुलीच्या अभ्यासाचा खुर्चीशी काय संबंध?" तू एवढेच लिहिलेस. संबंध सांगायचा तर तुला ठाऊक असलेलेच सांगावे लागेल. वाच.

नाना पोरवयात बडोद्याला आले आणि वार लावून जेवले. रोज वेगळ्या घरी. पुढे संस्थानच्या दफ्तरात चढत गेले, काचबिंदूने डोळे गेल्यावर घरी बसले. आपल्या गल्लीत रेल्वेतल्या माणसांची मुले युनिव्हर्सिटीत जाऊ लागली आणि पहिल्याच वर्षी, प्रेप सायन्सला, धडाधड नापास होऊ लागली, तेव्हा नाना म्हणाले, "पोटाचे वार संपले. आता डोक्याचे लावा." सोमवारी सुभानरावांकडे गणित, मंगळवारी तुझ्याकडे इंग्रजी, गुरुवारी माझ्याकडे रसायन. एम.ए. होऊन कॉलेजात इतिहास शिकवणारी तू, "हे कोणते टेन्स?" म्हणून संध्याकाळभर घसा फोडायचीस. माझ्या गुरुवारी कोणी तोंड उघडत नसे. मुले म्हणत, नाव आनंदी, चेहरा सुतकी. मला माहीत होते. तुला वाटायचे मला माहीत नाही.

शनिवार नानांचा. विषय नाही, पुस्तक नाही. नाना खुर्चीत, मूल शेजारच्या वेताच्या मोड्यावर. आठवडाभरात जे शिकलास ते मला सांग, ज्या भाषेत तुझी आई तुला जेवायला हाक मारते त्या भाषेत सांग. कळले तर नाना म्हणत, "मग पुढं?" नाही कळले की हातावर टकटक.

गजेंद्रचा साबणाचा शनिवार तुला आठवतो की नाही ठाऊक नाही. मी दारात भाजी निवडत होते.

"नाना, साबणाच्या रेणूला डोकं असतं आणि शेपूट असतं."

टकटक. "वळवळतो काय तो?"

"नाही. डोकं पाण्याकडे ओढतं, शेपूट तेलाकडे."

"म्हणजे सासर आणि माहेर."

"हो. मग अशा पुष्कळ जणी मळाभोवती जमतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. आणि पाणी त्यांना मळासकट घेऊन जातं."

"पुष्कळ सुना जमून सासूला घराबाहेर काढतात म्हण की." टकटक थांबली. "तुझ्या आईला सांगू का हे?"

"नको नाना."

"मग पुढं?"

गजेंद्र तेव्हा कान लाल करून बसला होता. पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी आला, एवढे मला आठवते. का आला याचा मी विचार केला नाही. मला वाटायचे, आंधळ्या माणसाची संध्याकाळ जाते, मुले चांगली आहेत, म्हाताऱ्याला रमवतात. पुण्य पदरात पडते, एवढा शनिवारचा उपयोग.

आता कांचन. मुलगी मठ्ठ नाही. सांगितले ते लिहून घेते, अक्षर मोत्यासारखे, बसते ताठ. दोन दिवसांनी तोच प्रश्न घातला की डोळे भिंतीवर. मी ओरडून पाहिले. शाबासकी देऊन पाहिली, ती मला जमत नाही आणि तिलाही खरी वाटली नाही. घरी मराठी, शाळा गुजराती, कॉलेज इंग्रजी. मी विचारले, "तुला रसायन कुठल्या भाषेत सुचतं?" म्हणाली, "आजी, सुचतच नाही. बद्धं, सगळं, फळ्यावरच राहतं." माझ्या नोकरीत अशी मुले मी शेकड्यांनी पाहिली आहेत. हजेरीपटावर असतात आणि वर्गात नसतात.

गजेंद्रला म्हटले, तुझी भाची खुर्चीवर बसते पण इथे नसते. तो म्हणाला, "बाई, मीही नव्हतो. तुमच्या गुरुवारी मी घड्याळ बघायचो."

"मग पास कसा झालास?"

"शनिवारी नानांना सांगायचं असायचं ना. सांगता नाही आलं तर त्यांचं तोंड कसं व्हायचं तुम्ही पाहिलं नाहीत. मारानंही लागत नाही तसं लागायचं. त्या भीतीनं गुरुवारी ऐकायचो." आणि वर म्हणतो, "तिला शिकवणी पुष्कळ झाली. तिला नाना पाहिजेत."

तेव्हा खुर्चीचा संबंध असा आहे.

आनंदी


१६ ऑगस्ट

निरुपमा,

तुझे पत्र मिळाले. चार पाने. त्यातली पहिली तीन खुर्चीबद्दल नव्हती.

तू लिहिलेस की अठ्ठ्याहत्तर साली डॉक्टरांनी नानांना बोलायला मनाई केली, म्हणून तू दारावर "शनिवार बंद" लिहिलेस, आणि मी ओट्यावर येऊन भांडले. बरोबर आहे. तू म्हणालीस, "आनंदी, माझे वडील तुमच्या पोरांचा फळा नाहीत." मी म्हणाले, "तू वडील सांभाळत नाहीस, दुखणे सांभाळतेस." दोघींचीही वाक्ये तुला अक्षरशः पाठ आहेत. मलाही आहेत. मी माझे मागे घेत नाही. तूही घेऊ नकोस, या वयात शोभायचे नाही.

चौथ्या पानावर मात्र तू जे लिहिलेस ते मला माहीत नव्हते. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर बेसिनवर हात धूत होते, पाण्याचा आवाज ऐकून नाना पलंगावरून म्हणाले, "डॉक्टर, साबण काय करतो माहीत आहे का?" आणि दम लागेपर्यंत त्यांनी सासर-माहेर सगळे सांगितले. डॉक्टर हात तसेच ओले धरून ऐकत उभे राहिले.

तुला वाटत होते वडील मुलांवर उपकार करतात आणि त्यात झिजतात. मला वाटत होते मुले नानांवर उपकार करतात. दोघी शिकलेल्या, दोघी रोज दारात. यावर मी आणखी लिहीत नाही.

इकडची हकिकत. खुर्चीत मी स्वतः बसून पाहिले. डोळे मिटले, म्हटले, सांग. कांचन म्हणाली, "आजी, तुम्हाला येतं सगळं. तुम्ही चूक पकडायला बसलात." खोटे कसे म्हणू? समोरच्या मंदाकिनीबाईंना बसवले. त्या प्रत्येक वाक्याला "वा गं, किती हुशार" म्हणू लागल्या आणि पाचव्या वाक्याला घोरू लागल्या. मुलगी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. तेवढाच फायदा.

म्हणून तुला विचारते. तुला रसायनाचा र येत नाही. आपण कॉलेजात असताना रसायनाच्या इमारतीतून सडक्या अंड्यांचा वास आला की नाकाला पदर लावून लांबून जायचीस, आणि सयाजीगंजात सेव-उसळ खाताना मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवायचीस, कारण माझ्या साडीला तो वास येतो. तेव्हा तू योग्य माणूस आहेस. कांचन दर शनिवारी तुला पत्र लिहील, आठवड्याचे शिकलेले सांगेल. तुला न कळेल तिथे तू टकटक करायची, कार्डावर. कर्तव्य म्हणून करणार असशील तर नको. कळून घ्यायचे असेल तर कर.

आनंदी


१४ सप्टेंबर

निरुपमा,

कांचनची तीन पत्रे आणि तुझी तीन कार्डे झाली. मुलगी कार्ड हातात धरून जिना चढते. "आजी, यांनी पुन्हा टकटक केलं. यांना उकळणं म्हणजे काय तेच पटत नाही." मी म्हटले, पटव. ती बसून लिहिते, खोडते, पुस्तक आपणहून उघडते. मध्ये न पडता मी शेजारी बसून राहते. मला ते कठीण जाते.

तुझ्या परवाच्या कार्डाने मात्र मला खाली बसवले. "पाणी डोंगरावर लवकर उकळते हे कळले. आता मला तुझ्याकडून असे सांग, तुझे वडील दिवसभर काय उकळतात? आणि हे सगळे इंदूरला का पाठवतेस? तुझ्या घरात कुणाला ऐकायचे नाही का?" मुलीने ते दोनदा वाचले. म्हणाली, "पप्पांना विचारायची हिंमत नाही. त्यांना वाटतं कॉलेजात जाऊन मी त्यांना शिकवायला लागले."

हे मला सुचायला हवे होते की नव्हते ते राहू दे. तुला सुचले.

अक्षराबद्दल तू जे विचारलेस त्याचे उत्तर, पेनाचा दोष नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळे. ऑपरेशन होईल केव्हातरी. नंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायला कोणीतरी लागते, म्हणून घाई केलेली नाही. तुझी कार्डे कांचन वाचून दाखवते. तेव्हा काही खाजगी लिहायचे असेल तर लिहू नकोस.

आनंदी


१३ ऑक्टोबर

निरू,

परीक्षा झाली. पेपर कसे गेले विचारले तर म्हणाली, "एक बराबर गेला. दुसरा चालशे." म्हणजे दुसऱ्याची खात्री नाही. निकाल दिवाळीच्या आसपास. पण मी लिहिते आहे ते कालच्या रविवारचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोने द्यायला गणपतराव आणि गजेंद्र आले. बरोबर कांचन, नऊ रात्री गरबा खेळून पायाला पट्टी बांधलेली. कालचा फाफडा आणि जिलेबीचा पुडा आणला होता. गणपतराव उंच, कमी बोलणारे. पेपरचे बोलायलाच आले आहेत हे दिसत होते. मी बसा म्हटले आणि ते सरळ नानांच्या खुर्चीत बसले. त्यांना काय माहीत. गजेंद्र उठून सांगायला निघाला, "दाजी, ती…" मी त्याला डोळ्यांनी बसवले.

गणपतराव म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेत. पण पोरीला नुसतं वर्षं काढायला कॉलेजात ठेवून काय करू? ती काय शिकते मला कळत नाही. तिला तरी कळतं की नाही, तेही कळत नाही."

मी म्हटले, "तिलाच विचारा."

"काय विचारू?"

"तुम्ही वीस वर्षं जो टॉवर चालवता तो तेल वेगळं कसं करतो ते विचारा."

ते हसले. "ते मला माहीत आहे. खाली गरम, वर गार. टॉवरातल्या कुठल्या थाळीला किती डिग्री ते झोपेत सांगेन."

कांचन मोड्यावर बसली. आवाज लहान. "पप्पा, पण खाली गरम आणि वर गार असल्यानं तेल वेगळं का होतं?"

"होतं. तसंच बनवलंय."

"का पण?"

ती सांगू लागली. आधी पुस्तकातल्यासारखे, इंग्रजीत. त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर वाजू लागली. माणसाला वैताग आला की वाजतात तशी, पण त्याच जागी, उजवीकडे. गजेंद्रने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

"असं नको," गणपतराव म्हणाले. "घरी बोलतेस तसं बोल."

ती थांबली. मग म्हणाली, "पप्पा, आपल्या चाळीत नवरात्रात गच्चीवर दांडिया होतो. म्हातारे एकमेकांचे हात घट्ट धरून बसतात, त्यांना उठवायला पुष्कळ जोर लागतो. लहान पोरं कुणाचा हात धरत नाहीत, जरा ढोल वाजला की उठून गच्चीवर. तेलात तसंच आहे. जड रेणू एकमेकांना धरून खाली राहतात. हलके थोड्या उष्णतेत सुटतात, वर जातात."

"आणि वरच्या थाळीला थांबतात का? गच्चीवरून उडून नाही जात?"

"वर गार असतं. गारठलं की परत एकमेकांना धरतात, म्हणजे वाफेचं परत पातळ तेल होतं. ज्याला जिथं गार लागेल तिथं तो उतरतो. एकदम वर फक्त अगदी हलकेच पोहोचतात."

"म्हणून वरून थोडं परत खाली सोडतो आम्ही?" ते पुढे झुकले. "गार करून परत का सोडतो, आजवर मी विचारलं नाही. साहेब म्हणाले सोड, सोडलं."

कांचन अडखळली. हे तिच्या पेपरात नव्हते. माझ्या जिभेवर उत्तर होते, निरू. मी जिलेबीचा तुकडा तोंडात घातला. चांगली नव्हती, शिळी होती. ती भिंतीकडे बघू लागली आणि मला वाटले, गेली. पण ती भिंतीकडे बघत विचार करत होती. फरक मला या वयात दिसला. म्हणाली, "काही जड रेणू चुकून हलक्यांबरोबर वर गेले असतील. वरून गार पातळ तेल खाली आलं की ते त्यांना भेटतं, जड परत खाली बसतात आणि त्यातले हलके वर सुटतात. म्हणजे… पुन्हा पुन्हा निवडणं. आई तांदूळ दोनदा पाखडते तसं."

गणपतराव खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मग पुढं?"

त्यांना कोणी शिकवले नव्हते. माणूस तेच म्हणतो.

जाताना ते गजेंद्रला जिन्यात म्हणाले, ते मला वर ऐकू आले, "येडीला हे दोन वर्षं येत होतं आणि घरी बोलली नाही."

"तुम्ही कधी बसलात दाजी ऐकायला?"

"मला सांगतंय कोण. घरात नीट बसायला खुर्ची तरी आहे का."

मी ठरवले आहे ते तुला आवडेल की नाही माहीत नाही. खुर्ची तुझी आहे, तुझ्या संमतीशिवाय देणार नाही. तू नाही म्हणालीस तर ट्रान्सपोर्टवाल्याला पाठव, बांधून ठेवते. पण मला वाटते नानांनी तिला छाणीला पाठवले असते. हो म्हणायचे असेल तर कार्डावर म्हणू नकोस. स्वतः ये. रतलामवरून येणारी गाडी सकाळी पोहोचते आणि गजेंद्रकडे स्कूटर आहे.

तुझी,
आनंदी


पोच

बडोदे, शनिवार, ८ नोव्हेंबर १९९७

आज खालील वस्तू दिल्या व घेतल्या. मजकूर आनंदीबाईंनी सांगितला, लिहिणार कांचन.

१. सागवानी आरामखुर्ची एक, कै. गोविंदराव ऊर्फ नाना यांची. कापड निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, चांगल्या स्थितीत. देणार निरुपमा, इंदूरहून स्वतः आल्या. घेणार गणपतराव, छाणी. टेंपोत चढवण्याआधी देणार त्यात पाऊण तास बसून राहिल्या, त्यामुळे टेंपोवाला कुरकुरला. उजव्या हातावरची जागा पॉलिश करू नये, असे घेणाऱ्यास सांगितले.

२. वेताचा मोडा एक. खुर्चीबरोबर.

३. कांचनची पत्रे, निरुपमा यांच्याकडून कांचनला परत. तिने ती घेतली नाहीत, म्हणून पुन्हा निरुपमा यांच्याकडे.

४. निकालपत्राची झेरॉक्स एक. पहिला पेपर सुटला. दुसरा सुटला नाही, मार्चमध्ये पुन्हा द्यायचा आहे. कांचनचे नाव कॉलेजात राहील, असे गणपतराव यांनी तोंडी सांगितले. कागदावर लिहिण्याची गरज त्यांना वाटली नाही. मला, लिहिणारीला, वाटली, म्हणून लिहिले.

५. इंदूरचे परतीचे रेल्वे तिकीट एक, उद्याचे. निरुपमा यांनी गजेंद्रच्या हवाली केले, रद्द करण्यासाठी. थेंबांची बाटली अजून आणायची आहे.

सही, निरुपमा
सही, गणपतराव
सही, आनंदी (जागा कांचनने दाखवली)